मेहुणीची खडीची वाट

...तर मी चाकोरीत आडवा पडलेलो, सायकल माझ्या अंगावर आणि तिचं पुढचं चाक अजून गरगर फिरतंय, इथपर्यंत काल आलो होतो ना? तिथूनच पुढे सांगतो.

तोंडात खडीची कच. चष्मा कुठे उडाला पत्ता नाही. डाव्या खांद्यातून अशी सणक उठत होती की मला वाटलं, आटोपला आपला कारभार. तेवढ्यात मागून ओळखीची खरखर ऐकू आली. सायकलला साखळीने बांधलेली लाकडी फळी खडीवरून ओढत आणली की होते तशी. म्हणजे माझी मेहुणी. आमच्या हिची पाठची बहीण. सगळं खोरं तिला ठिणगी म्हणतं, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची छाती एकट्या माझी, आणि तीसुद्धा मधे एखादं टेबल वगैरे असेल तर.

ती सायकलवरून उतरली आणि म्हणाली, "भावोजी, हलू नका."

मला भरून आलं बघा. म्हटलं, जिभेने कितीही तिखट असली तरी माणूस मनाने चांगलं. मी अजिबात हललो नाही. ती गुडघे टेकून खाली बसली, माझ्याकडे पाठ केली आणि चाकोरीत वीत लावून टायरच्या ठशाची रुंदी मोजायला लागली. मी हललो असतो तर ठसा पुसला असता, म्हणून हलू नका.

"ट्रॅक्टर," ती म्हणाली. "मागे ट्रॉली. भरलेली गेलीय."

मी जमिनीवरूनच कळवलं की माझा खांदा मोडलाय बहुतेक. ती म्हणाली, खांदा जुळतो. मग मला उठवलं, चष्मा शोधून पदराने पुसून नाकावर बसवला, माझी सायकल एका हाताने धरली, स्वतःची दुसऱ्या हाताने, आणि दवाखान्याकडे निघालो. वाटभर तिचा पट्टा चालू. आधी ट्रॅक्टरवाल्याच्या सात पिढ्या झाल्या. मग माझ्यावर घसरली, की या वयात वाटेकडे बघायचं सोडून द्राक्षांच्या वेली बघत सायकल चालवतात का, आणि हेल्मेटचा पट्टा असा गळ्यात लोंबत ठेवायला तो काय हार आहे? मग मला घराबाहेर सोडल्याबद्दल स्वतःच्या थोरल्या बहिणीवर. मग बिचाऱ्या वारलेल्या सासऱ्यांवर, म्हणजे तिच्या वडिलांवर, की त्यांनी अशा माणसाला मुलगी दिली. दवाखान्याचं दार आलं म्हणून, नाहीतर माझ्या आजोबांचा नंबर लागलाच होता.

हाड मोडलं होतं ते गळ्याजवळचं. हात गळ्यात बांधून बसलो. पण माझ्या हाडाचं राहू द्या. तिची गोष्ट सांगायची तर वाटेपासून सुरुवात करायला हवी.

आमच्या नदीच्या खोऱ्यातून पूर्वी एक लहानशी आगगाडी जायची. एक प्रवाशांचा डबा आणि बाकी सगळी वाइनची पिंपं. उताराला लागली की पिंपांतली वाइन अशी डुचमळायची म्हणे की स्टेशनमास्तरला गाडी दिसण्याआधी वास यायचा. माझे सासरे त्या मार्गावर गँगमन होते. हातोडा खांद्यावर टाकून रुळांच्या कडेने दिवसभर चालायचे, सैल झालेलं ठोकायचे, खचलेल्या जागी खडी भरायचे. घर रुळाला लागून, इतकं की गाडी गेली की फडताळातल्या कपबश्या एकमेकींशी भांडायच्या. माझी मेहुणी त्या आवाजात वाढली, मला वाटतं गुण तिथूनच लागला. सासूबाई द्राक्षांच्या तोडणीला जायच्या आणि या दोघी बहिणी शाळा सुटली की त्यांच्या हाताखाली. धाकटा भाऊ तेव्हा वेलींच्या सावलीत क्रेटमधे झोपलेला असायचा. त्या धाकट्याला लक्षात ठेवा.

पुढे ट्रकचा मोठा रस्ता झाला आणि गाडी बंद पडली. रूळ उचलून नेले, लाकडी स्लीपर कुणाच्या गोठ्याला, कुणाच्या कुंपणाला लागले, आणि उरला तो नुसता भराव. त्याच्यावर काटेरी झुडपं माजली. बरीच वर्षं तिकडे कुणी फिरकलं नाही. मग सायकलवेड्या लोकांची एक समिती निघाली. त्यांनी झुडपं काढली, खाली जाड खडी, वर बारीक, त्यावर मुरूम, पाणी मारून रोलर फिरवला, आणि नदीच्या कडेकडेने, द्राक्षांच्या मळ्यांमधून, दोन पुलांवरून आणि एका बोगद्यातून सायकलची वाट तयार झाली. दोन्ही टोकांना आणि मधल्या एका तोंडाशी लोखंडी खांब रोवले. दोन खांबांमधून सायकल जाते, माणूस जातो, मोटार जात नाही. टोकांना खांबांशेजारी एकेक कुलूपबंद फाटक, त्यांची किल्ली समितीकडे. मधल्या तोंडाचा एक खांब तेवढा कुलूप काढून उपसता येतो, खडीची गाडी आत यायला म्हणून.

झुडपं तोडली तेव्हा समितीच्या माणसांनी काट्यांचा ढीग मेहुणीच्या अंगणात टाकला. ती भांडायला गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. शेवटी समितीने तिलाच वाटेच्या राखणीवर नेमलं. भांडण घरात घेतलेलं बरं असा त्यांनी विचार केला असावा.

तेव्हापासून वाट तिची. फावडं, घमेलं, दाताळं सायकलच्या मागच्या खोक्यात, आणि साखळीने बांधलेली ती फळी मागे. सायकलींनी खडी मधून सरकून कडेला जाते, ती फळीने पुन्हा मधे ओढायची, हा तिचा रोजचा उद्योग. पाऊस झाला की चर उघडायचे. फळी हलकी झाली तर तिच्यावर दगड ठेवते. एकदा तिने माझ्या साडूंना बसवलं होतं. साडू म्हणजे तिचे यजमान, शाळेत कारकून होते, आता निवृत्त, लोण्यासारखा माणूस. फळीवर मांडी घालून बसले आणि छत्री उघडून पेपर वाचत बसले. लोक फोटो काढत होते आणि साडू प्रत्येकाला मान तुकवून नमस्कार करत होते. या साडूंनी मला एकदा सांगितलं की ती घरी आल्यावर ते आधी सायकलचा आवाज ऐकतात. सायकल भिंतीला हळू टेकवली तर राग एकाच माणसावर आहे, आणि अंगणात आपटली तर सगळ्या जगावर आहे. जगावर असेल तर ते निवांत पेपर वाचतात. एका माणसावर असेल तर, तो एक माणूस आपण तर नाही ना, हे आठवायला कुंड्यांना पाणी घालायला जातात.

रागाला तिच्या कारणं कमी नाहीत हे मात्र कबूल करायला हवं. एक तरुण मोटारसायकल आडवीतिडवी करून खांबांमधून आत घुसला होता. मेहुणीने काय करावं? वाटेच्या मधोमध मांडी घातली, थर्मास उघडला आणि चहा प्यायला लागली. तो हॉर्न वाजवतोय, ही फुंकर मारतेय. त्याने विचारलं, बाजूला कधी होणार? ही म्हणाली, थर्मास मोठा आहे. शेवटी तो गाडी ढकलत परत गेला. दुसऱ्या वेळी शहरातलं एक जोडपं आलं, दोघांचे सारखे कपडे, जाड टायरच्या भारीतल्या सायकली, वायनऱ्यांतून, म्हणजे वाइनच्या कारखान्यांतून, चव घेत घेत आलेलं, म्हणजे जरा रंगातच. ही चरात कंबरेइतकी उतरून गाळ काढतेय आणि ते वरून म्हणतात, मावशी, फावडं घेऊन जरा हसा ना. तो फोटो समितीच्या कचेरीत लावलाय. मेहुणी कॅमेऱ्याला आता चावणार असं वाटतं.

पण ती वाट कशी आहे हे तुम्हाला कसं सांगू? डॉक्टरांनी मला हलायला सांगितलं म्हणून या वयात सायकल घेतली. बोगद्यातून बाहेर पडलं की डावीकडे नदी, उजवीकडे वेलींच्या रांगा थेट टेकडीपर्यंत, आणि आवाज कसला तर फक्त टायरखाली खडी चुरचुरते त्याचा. हॉर्न नाही, धूर नाही, मागे वळून बघायचं नाही. आणि माझं सोडा, आमच्या हिचं सांगतो. हिने आयुष्यात सायकलला हात लावला नव्हता. लहानपणी हिच्या डोळ्यांदेखत शेजारची एक मैत्रीण ट्रकखाली गेली होती. तेव्हापासून रस्ता ओलांडताना ही माझा हात असा आवळून धरायची की घड्याळाचा पट्टा तुटायचा. या बाईला या बहिणीने या वयात त्या वाटेवर सायकल शिकवली. शिकवली म्हणजे मागे धावत शिव्या घातल्या. आता ही रोज सकाळी एकटी जाते, आणि घरी येते तेव्हा शाळेतल्या मुलीसारखी दिसते. मी पडलो त्या दिवशीही ही माझ्या पुढेच गेली होती, चाकोरी चुकवून. ती सुटली, मी सापडलो.

आता चाकोरी कुठून आली ते ऐका.

आमचा धाकटा, म्हणजे माझा मेहुणा, तिकडच्या सगळ्यात मोठ्या वायनरीत तोडणीचा मुकादम आहे. गोड बोलणारा, केस नीट विंचरलेला, दोन्ही बहिणींच्या जिवाचा तुकडा. त्या वर्षी ऐन तोडणीत मोठ्या रस्त्यावरचा पूल दुरुस्तीला काढला आणि मालाच्या गाड्यांना डोंगराला वळसा पडायला लागला. दुपारी धाकटा घामाघूम होऊन बहिणीकडे आला. द्राक्षं तोडून झालीत, क्रेट उन्हात आहेत, तळातून रस गळतोय, गांधीलमाश्यांचं मोहोळ उठलंय. ताई, एकदाच खांब काढ, वाटेने गेलो तर लगेच पोचतो.

दुसऱ्या कुणी मागितलं असतं तर तिने त्याला तिथेच चेचला असता. पण ती तोडणीवालीची मुलगी. वर्षभर जपलेले घड क्रेटमधे नासताना तिला बघवणार नाहीत हे धाकट्याला पक्कं ठाऊक होतं. ती गेली, बघितलं, आणि मुकाट्याने खांब उपसला. मग ट्रॅक्टरच्या पुढे स्वतः चालत गेली, वायनरीच्या दारापर्यंत, पायाच्या वेगाने, सायकलवाल्यांना हात करून बाजूला घेत. ट्रॅक्टरवाल्याने एकदा वेग वाढवायला बघितला तर फावडं दाखवलं. पण शेवटच्या खेपेच्या वेळी पुलाखालचा चर तुंबला म्हणून तिला तिकडे जावं लागलं, आणि तिने किल्ली धाकट्याच्या हातात दिली. संध्याकाळी त्याने ती परत आणून दिली, वर तिच्या पाया पडून, ताई, तू होतीस म्हणून, असंही म्हणाला.

मधल्या वेळात त्याने दुसरी किल्ली करून घेतली होती.

तेव्हापासून पहाटे, सायकली निघायच्या आधी, ट्रॅक्टर जायला लागले. जाताना मागे झाडू बांधायचा, ठसे पुसायला. अशी ही हुशारी. सकाळी मेहुणी येऊन बघते तर वाट दबलेली, खचलेली, कडा फुटलेल्या. फळी ओढली की वरून नीट दिसायचं, एक ऊन पडलं की पुन्हा तेच. आता तुम्ही म्हणाल, तिला संशय कसा नाही आला? भावावर संशय घेणं तिला जमलं नाही. तिने संशय घेतला खडीवर. खडी हलकी दिली, मुरुमात माती मिसळली, असं म्हणून ती खडीवाल्याच्या क्रशरवर गेली आणि त्याच्या गिऱ्हाइकांसमोर त्याची अशी शोभा केली की त्या माणसाने पुढे तोंड दाखवायचं सोडलं. तो सांगत होता, बाई, खडी तीच आहे. हिने ऐकलं नाही. समितीला सांगून त्याचा माल बंद करवला. आणि दुसऱ्याकडून नवी खडी आणून टाकली, तीही खचली.

मग मी पडलो. त्या दिवशी ट्रॅक्टरला उशीर झाला होता, किंवा झाडू गळून पडला होता, देव जाणे. ठसा ताजा होता. मला दवाखान्यात पोचवून ती तशीच परत गेली आणि ठशामागून सायकल दामटली. ठसा वायनरीच्या दारात जाऊन थांबला.

पुढचं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, कारण साडूंनी मला गाडीत घालून तिकडे नेलं. तिने वायनरीच्या भिंतीला सायकल हळू टेकवली, असं साडूंना म्हणे कुणीतरी फोनवर सांगितलं, आणि ते घाबरले. आम्ही पोचलो तेव्हा ती द्राक्षं पिळायच्या यंत्राशेजारी उभी होती, धाकटा समोर, हाताला रस लागलेला. यंत्राच्या आवाजात कुणाचं काही ऐकू येत नव्हतं. कुणीतरी यंत्र बंद केलं आणि त्या शांततेत धाकटा एवढंच म्हणाला,

"ताई, पहिल्यांदा खांब तूच काढला होतास."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक हात बांधलेला नसता तर मी त्याला दोन लगावल्या असत्या, आणि मी काही मारणारा माणूस नव्हे. ज्या बहिणीने याला कडेवर खेळवला, तिच्याच मायेला चिमटा लावून हा तिला अपराधी ठरवत होता. आणि त्याला लाजही नाही वाटत. मेहुणी मात्र काही बोलली नाही. ती गप्प बसते तेव्हा आसपासच्या माणसांनी काय करायचं असतं ते आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, कारण असं कधी झालंच नव्हतं.

तेवढ्यात मालक आले. माणूस सभ्य, बोलणं मऊ. त्यांनी आम्हाला आत बसवलं आणि सरळ सांगितलं की लपवाछपवी झाली ते वाईट झालं, पण आता उघड करू या. त्यांना त्या वाटेवर छोट्या बॅटरीच्या गाड्या चालवायच्या होत्या, पाहुण्यांना एका वायनरीतून दुसऱ्या वायनरीत चव घ्यायला न्यायला, आणि तोडणीला ट्रॅक्टर. धाकटा त्या सगळ्याचा व्यवस्थापक होणार होता. त्याला खोलीही देऊन झाली होती, दारावर पाटी लावायची बाकी. अडचण एकच. समितीचं म्हणणं होतं की वाट राखणाऱ्या बाईंनी समोर येऊन सांगावं, गाड्यांनी वाटेला इजा होत नाही, तर आम्ही परवानगी देऊ. आणि मालक म्हणाले, बाई, तुम्ही इतकी वर्षं समितीकडे मोटारीचा रोलर मागताय ना? तो आम्ही घेऊन देतो. फळी ओढायची वेळ तुमच्यावर येणार नाही.

हे खरं होतं. ती रोलरसाठी समितीशी वर्षानुवर्षं भांडत होती. तिचे गुडघे गेलेत. फळी ओढून रात्री पाय सुजतात, ते साडू शेकतात. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. म्हटलं, ही आता हो म्हणाली तर मी तिला दोष देणार नाही. ती उठली, म्हणाली, सभेत सांगते. आणि निघून गेली.

सभेपर्यंतचे दिवस घरात नुसती धुसफूस. आमची ही दोघांची थोरली बहीण, तिची ओढाताण बघवेना. धाकटा रोज फोन करायचा, थोरलीने ताईला समजवावं म्हणून. त्याची मुलं, त्याची बढती, त्याचं नाव, सगळं त्या एका हो वर आहे म्हणून सांगायचा. खोटं नव्हतं ते. ही ऐकून घ्यायची आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात भांडी आपटायची. तिने बहिणीला एक शब्द सांगितला नाही, आणि सकाळची सायकलही काढली नाही. भिंतीला टेकवून ठेवलेली सायकल बघून मला जास्त राग यायचा.

मेहुणीने त्या दिवसांत एकच काम केलं ते आम्हाला कळलं. ती खडीवाल्याची माफी मागायला गेली. आता तिची माफी कशी असणार? तिने त्याच्या दारात उभं राहून मोठ्या आवाजात सांगितलं की चूक माझी होती, तुझी खडी चांगली होती, आणि तू इतका मेणाचा कसा की एका बाईने चार शब्द ऐकवले तर गप्प बसलास, उलटून बोलला असतास तर मला तेव्हाच कळलं असतं. शेजारी सोडवायला धावले. खडीवाल्याने म्हणे आधी दार लावून घेतलं, मग उघडलं, आणि शेवटी दोघं त्याच्या ओट्यावर चहा पीत बसलेली लोकांनी बघितली. पुढे काय ठरलं ते कुणाला माहीत नाही.

सभा जुन्या स्टेशनच्या वेटिंग रूममधे. तिथे आता समिती बसते. लाकडी बाकं तीच, तिकिटाची खिडकी तीच, तिच्यात आता सायकलच्या ट्यूब विकायला ठेवतात. बाकं भरली. मालक पहिल्या रांगेत, धाकटा त्यांच्या शेजारी इस्त्रीच्या शर्टात. खडीवाला मागे दाराशी उभा, हात पाठीमागे. साडू माझ्या बाजूला, त्यांचा रुमाल हातात पिळून पिळून दोरी झालेला.

धाकटा आधी बोलला. चांगला बोलला, मान्य करायला हवं. सांगितलं की ताईने स्वतः माणुसकीने ट्रॅक्टर सोडला होता, द्राक्षं वाचली, आणि वाट काही नदीत वाहून गेली नाही. मग त्याने माझ्याकडे हात केला. आमचे भावोजी त्या वाटेवर पडले, म्हणाला, त्यांना मोडलेल्या हाडाने चालत जावं लागलं, का, तर तिथे गाडी जाऊ शकत नाही. आज भावोजी, उद्या आणखी कुणी.

लोकांनी माना डोलावल्या. मला असा संताप आला की मी उठलो, पण बोलायला तोंड उघडलं तर खांद्यात सणक आली आणि फक्त "अगं आई गं" निघालं. त्याने धाकट्याचंच म्हणणं पक्कं झालं. त्याच्या ट्रॅक्टरने मला पाडलं, आणि तो माझं मोडलेलं हाड स्वतःच्या बाजूने साक्षीला उभं करत होता. इतक्या वर्षांत मी कुणाचा इतका राग केला नाही. आमची ही शेजारी बसली होती. तिने माझा चांगला हात धरून मला खाली बसवलं.

मग समितीचे अध्यक्ष, म्हातारे शाळामास्तर, त्यांनी मेहुणीला उभं केलं. त्यांचं विचारणं अगदी सरळ होतं. ते म्हणाले, बाई, तुमच्या भावाचं म्हणणं असं की खांब तुम्हीच काढलात आणि गाडी तुम्हीच सोडलीत. हे खरं का? आणि खरं असेल तर आता गाड्या नकोत असं तुम्ही कोणत्या तोंडाने म्हणणार?

सगळ्यांना वाटलं, आता भडका उडणार. मालक बाकावर जरासे मागे सरकले. मेहुणी उभी राहिली, पदर खोचला, आधी धाकट्याकडे बघितलं, मग अध्यक्षांकडे. आवाज तिने चढवला नाही. मला त्याचीच भीती वाटली. ती म्हणाली,

"हो, मीच काढला. द्राक्षं नासत होती, मला बघवलं नाही, आणि किल्ली मी माझ्या हाताने याला दिली. त्याची शिक्षा मला द्या, नोकरीवरून काढायचं तर काढा, पण ती शिक्षा वाटेला देऊ नका. माझ्या भावोजींना न्यायला गाडी हवी होती म्हणे. गाडी आली नसती तर भावोजी पडलेच नसते, आणि आजारी माणसासाठी दोन्ही टोकांच्या फाटकाची किल्ली समितीकडे आहे, ती लागली तर समितीनेच उघडावं. माझी थोरली बहीण आयुष्यभर रस्त्याला घाबरली, ती या एका वाटेवर न घाबरता जाते, आणि गेले कित्येक दिवस तिने सायकल काढलेली नाही. तुम्ही विचारलंत कोणत्या तोंडाने, तर याच. आणि परवानगीचं म्हणाल तर ती तुम्ही द्या नाहीतर देऊ नका, मधल्या तोंडाचा खांब आता निघणार नाही. आज सकाळी मी आणि हे दाराशी उभे आहेत ते खडीवाले, आम्ही दोघांनी त्याच्या बुडात सिमेंट ओतलंय. आणि तू, धाकट्या, पुढच्या तोडणीला तुझी द्राक्षं उन्हात राहिली तर मला हाक मार. मी येईन, तुला शिव्या देईन, आणि एकेक क्रेट सायकलवर लादून नेईन. पण तुझा ट्रॅक्टर नाही."